पाहुण्यांच्या फोल्डरमधलं अक्षर

तिला सगळे टिकटिक म्हणत. नाव ठेवलं नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं. लग्न होऊन आली तेव्हाही तिचं छापखान्याशेजारच्या दुकानात टायपिंगचं काम चालूच होतं. घरी आली तरी बोटं काही थांबायची नाहीत. ताटाच्या कडेवर टिकटिक, खिडकीच्या गजावर टिकटिक. नणंद म्हणाली, "अगं, ही सून आणली की घड्याळ?" झालं, तेव्हापासून खरं नाव गेलं ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात निघायचं.

त्या दुकानात ती पत्रिका, पावत्या, दुकानांच्या पाट्यांचा मजकूर असलं काय काय करायची. तिथं तिला पहिल्यांदा कळलं की अक्षरांना घराणी असतात. एकाच वळणाच्या अक्षरांचा अख्खा संच, त्याला म्हणायचं फॉन्ट. एकाच शिंप्यानं घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवावेत, तसं. अ पासून ज्ञ पर्यंत सगळ्यांची शिलाई एक. कुणी अंगानं जाड, कुणी काटकुळा, कुणाच्या वेलांटीला उगाच तोरा. पुढे कागदावरची कामं आटली आणि लोक वेबसाइट मागायला लागले, तेव्हा टिकटिकनं तेही शिकून घेतलं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल मांडलं, संगणक ठेवला, आणि दंतवैद्य, लाँड्री, सायकल दुरुस्ती, जो येईल त्याची वेबसाइट करायला लागली.

बाकीच्या बायका बाजारात कापड चाचपून बघतात, तशी ही अक्षरं चाचपून बघायची. रस्त्यानं जाताना एखाद्या पाटीचा 'क' आवडला की तिथंच थांबून फोटो काढणार. मग घरी येऊन तो फोटो एका ओळख पटवणाऱ्या साइटवर टाकायचा आणि हा कुणाचा कोण, त्याचा पत्ता काढायचा. एकदा औषधाच्या दुकानासमोर ती इतका वेळ पाटीकडे बघत उभी राहिली की दुकानदारानं खुर्ची आणून दिली. त्याला वाटलं, बाईंना चक्कर येतेय.

फॉन्ट जमत गेले आणि संगणकाची दशा लग्नघरासारखी झाली. सगळीकडे माणसंच माणसं, हवं ते सापडेना. कामाच्या वेळी यादी उघडली की खाली सरकवता सरकवता बोट दुखायचं. मग तिनं फॉन्ट सांभाळणारं एक अवजार घेतलं. त्याच्यात फॉन्ट उठवता येतात, झोपवता येतात, वेगवेगळ्या फोल्डरांत बसवता येतात. पुस्तकांत सांगितलेली नावं तिला काही रुचेनात. तिनं आपल्या पद्धतीनं नाती लावली.

जे जाडजूड, ठळक, बोलले की घर गप्प, ते 'थोरले दीर'. मथळ्याला एकदा बोलवायचे, पुन्हा नाही. साधे, डोळ्यांना न टोचणारे, दिवसभर राबले तरी तक्रार न करणारे, त्या 'मावश्या'. सगळा मोठा मजकूर मावश्यांच्या अंगावर. नक्षीदार, मिशांना पीळ दिलेले ते 'जावई'. दोन शब्दांपुरते शोभतात, मुक्कामाला राहिले तर वाचणारा घायकुतीला येतो. दिसायला गोड पण जोडाक्षर समोर आलं की फिस्कटणाऱ्या, त्या 'रुसक्या जावा'. आणि नव्यानं चाचणीला आणलेले ते 'पाहुणे'. पाहुण्यांचा नियम कडक होता. महिनाअखेरीला फोल्डर रिकामं. ज्याचा वापरण्याचा परवाना मिळाला तो घरातल्या फोल्डरात जाणार, बाकीच्यांनी आपापल्या वाटेनं जायचं. परवानगी नसलेलं अक्षर तिनं कुणाच्या साइटवर कधी टाकलं नाही. "दुसऱ्यानं डोळे फोडून काढलेलं असतं ते," ती म्हणायची.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्यानं एकदा मागून डोकावून विचारलं, "आणि आम्ही कुठल्या फोल्डरात?"

"तुम्ही अजून डाउनलोडच होताय," टिकटिक म्हणाली. "बघू, पूर्ण झालात की ठरवू."

आता ज्या नणंदेनं तिचं नाव ठेवलं, तिच्याबद्दल सांगायला हवं. टिकटिक तिला वन्सं म्हणायची, पण बाकी सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरच्या एका खोलीत तिचं पाळणाघर होतं. कितीतरी पोरं तिथं रांगायला शिकली. टिकटिकची लेकही तिथंच वाढली. टिकटिक वेबसाइटचं शिकायला क्लासला जायची तेव्हा लेकीला ताप आला तरी आत्या फोन करायची नाही. संध्याकाळी आल्यावर सांगायची, "दुपारी जरा अंग गरम होतं, आता उतरलं. तू शिकत होतीस ना, म्हणून नाही कळवलं." ही गोष्ट टिकटिक कुणाला बोलून दाखवायची नाही. पण आत्याच्या घरचा नळ गळायला लागला तरी प्लंबरच्या आधी तीच पोचायची.

तर झालं असं, की आत्याच्या खोलीसमोरचं मोठं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. पोरांचे आईबाप गेले, त्यांच्यामागून पोरं गेली. उरली दोन, एक झोपाळू आणि एक रडका. त्यातून खोलीचा मालक, त्याचं शेजारीच फरश्यांचं दुकान, त्याला माल ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आत्या, शाळा सुरू होईपर्यंत वाट बघतो. पोरं आली तर तुमची खोली तुमची. नाही आली तर मला द्या."

टिकटिक पदर खोचून उभी राहिली. "वन्सं, तुमची वेबसाइट करू. लोक आता सगळं फोनवर शोधतात."

"पाळणाघर काय फोनवर शोधतात?" आत्या म्हणाली. "कुणाच्या कडेवर पोर द्यायचं ते फोन सांगतो?"

"फोन नुसता दार दाखवतो. कडेवर घ्यायला तुम्ही आहातच."

मग टिकटिक कामाला लागली, आणि इतर गिऱ्हाइकांसाठी कधी केली नसेल इतकी अक्षरांची शोधाशोध केली. तिला हवं होतं गोल, मऊ, पण सडपातळ अक्षर. लहान पोरांच्या ठिकाणी म्हणून लोक जे गुबगुबीत फुग्यांसारखं अक्षर वापरतात, ते तिला नको होतं. "वन्सं काही फुगा नाहीत," असं म्हणाली. शेवटी कुण्या शिकाऊ मुलानं काढलेला एक फॉन्ट सापडला. आकडे तर असे, की आठ बघून वाटावं, पोर मुटकुळं करून झोपलंय. तिनं त्या मुलाला पत्र पाठवून विचारलं, पाळणाघराला वापरू का? त्याचं उत्तर आलं, "खुशाल वापरा. आणि तिथल्या एखाद्या बाळाला माझ्याकडून टाटा करा." टिकटिकनं झोपाळूला उठवून टाटा केला. त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

साइट झाली. वर आत्याचा फोटो, त्याखाली रुंद पट्टी, पट्टीत मोठ्या आकड्यांत फोन नंबर. सगळीकडे आता बोट लावलं की फोन लागतो, पण ते आत्यानं करू दिलं नाही. "आईबापांचे फोन पोरांच्याच हातात असतात," ती म्हणाली. "दिवसभर लावत बसतील. मी 'हॅलो हॅलो' करायचं आणि पलीकडून 'बुर्र' ऐकायचं?" म्हणून नंबर नुसता वाचायला ठेवला. आत्यानं टिकटिकच्या संगणकावर साइट बघितली. तिचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. पोरं आपटतात म्हणून तिनं मुद्दाम तसलाच ठेवला होता.

"छान झालंय गं," ती म्हणाली. "माझंच आहे असं वाटतच नाही."

आणि मग कुणाचा फोनच आला नाही.

पहिला आठवडा गेला. टिकटिकनं साइटचा रंग बदलला. दुसरा गेला, तिनं मजकूर छोटा केला. संगणकावर बघावं तर सगळं देखणं, स्वतःच्या फोनवर बघावं तर तिथंही देखणं. साइट बघायला लोक येत होते, तेही तिला दिसत होतं. येत होते, क्षणभर थांबत होते आणि निघून जात होते. दारापर्यंत येऊन आत डोकावून परत फिरावं, तसे. टिकटिकच्या जिवाला घोर लागला. जेवताना घास हातात धरून बसायची.

आत्यानं रोजची कामं चालू ठेवली. फक्त एक दिवस टिकटिक गेली तर आत्याचे केस काळेभोर. कपाळावर, कानामागे रंगाचे डाग.

"वन्सं! हे काय केलंत?"

"असंच," आत्या म्हणाली आणि रडक्याचं नाक पुसायला वळली. त्याला ती नवी आत्या पसंत नव्हती, त्यानं सूर लावलाच होता. "तो फोटो बदलता येतो का गं तुझ्या साइटवर? पांढऱ्या केसांचा आहे. लोक बघत असतील, म्हणत असतील, ही म्हातारी काय पोर उचलणार. त्यांचं तरी काय चुकलं? माझ्या हातून पडलं बिडलं तर?"

आजवर ज्या बाईनं दोन काखांत दोन आणि पायाशी तिसरं सांभाळलं, ती आपल्याच हातांकडे बघत होती. तिनं घरी जाऊन फोटो बदलला. तरी फोन आला नाही.

मग आत्यानं मालकाला खोली सोडायचा शब्द दिला. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, पण ती म्हणाली, "त्याला कशाला लटकवून ठेवायचं? आणि स्वतःला तरी." टिकटिकला हे कळलं तेव्हा आत्या छोट्या गाद्यांच्या गुंडाळ्या करून दोरीनं बांधत होती. टिकटिक गुपचूप शेजारी बसली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा. खांद्यावर पोर झोपलेलं, घामानं शर्ट भिजलेला.

"आत्यांचं पाळणाघर हेच ना?" तो म्हणाला. "काय हो हे, नंबर पुरा का लिहीत नाही? आम्ही अंदाजानं आकडे लावून बघितले. एकदा टायरवाल्याला लागला, एकदा कुणा आजोबांना. आजोबा म्हणाले, आणा पोराला, मी सांभाळतो!"

"पुरा लिहिलाय की," टिकटिक म्हणाली. तिच्या कामाबद्दल कुणी असं बोललं की तिचं नाक लाल व्हायचं.

"कुठं लिहिलाय? तुम्हीच बघा."

त्यानं फोन पुढे केला. टिकटिकनं तो डोळ्यांजवळ नेला. तिचीच साइट, तिचेच रंग, आत्याचा फोटोही तोच. पण अक्षर भलतंच. ते सडपातळ, मऊ अक्षर कुठल्या कुठे गेलेलं, आणि त्याच्या जागी कुणीतरी दांडगं, पसरट अक्षर ऐसपैस मांडी घालून बसलेलं. पट्टीत नंबर मावत नव्हता. शेवटचे आकडे पट्टीच्या कडेला कापले गेले होते. सासरी पाठवलेली लेक दुसऱ्याच कुणाच्या कपड्यात दारात उभी दिसावी, असं तिला झालं.

"पत्ता मात्र नीट दिसत होता, म्हणून चालत आलो," तो माणूस म्हणाला. पत्ता मावशीच्या अक्षरात होता. मावशीनं आपलं काम बिनबोभाट केलं होतं.

टिकटिक "आलेच" म्हणाली आणि चपला उलट्यासुलट्या घालून घराकडे धावली.

संगणकासमोर बसली आणि तिला उमगायला वेळ लागला नाही. वेबसाइटचं असं असतं, की बघणाऱ्याच्या फोनात आपलं अक्षर असेलच असं नाही. म्हणून साइटच्या जागेवर त्या अक्षराची फाइल ठेवावी लागते, ती साइटबरोबर बघणाऱ्याकडे जाते. फाइल नसली की त्याचा फोन आपल्याकडचं जे हाताला लागेल ते चढवतो. टिकटिकनं साइटच्या जागेवरही घरच्यासारखीच फोल्डरं केली होती. त्या शिकाऊ मुलाचा फॉन्ट तिनं आधी चाचणीला आणला म्हणून 'पाहुणे' मध्ये टाकला. मग परवानगी आली, टाटा झाला, आनंद झाला, आणि त्याला घरात हलवायचं राहून गेलं. साइट लावली त्याच्या दुसऱ्याच दिवशी महिनाअखेर होती. टिकटिकनं नेहमीच्या शिस्तीनं पाहुण्यांचं फोल्डर रिकामं केलं. इथलंही आणि साइटवरचंही. परवानगी मिळालेला, घरचा झालेला पाहुणा तिनं आपल्याच हातानं दाराबाहेर काढला होता.

आणि तिला स्वतःला ते दिसणारच नव्हतं. इथलं फोल्डर रिकामं झालं तरी तिच्या संगणकात ते अक्षर आधीच कायमचं बसवलेलं, त्यामुळे साइटला ते घरातच मिळायचं. तिच्या फोननं पहिल्या दिवशी उतरवून घेतलेलं जपून ठेवलेलं. जगात ही साइट देखणी दिसत होती ती फक्त तिला. एका फाइलचं काम होतं. तिनं ती परत जागेवर ठेवली, या वेळी पक्क्या फोल्डरात. पट्टीही मोठी केली, म्हणजे कुणी कसंही अक्षर चढवलं तरी नंबर पुरा दिसावा. मग शेजारणीचा फोन मागून घेतला, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा मागून घेतला, दूधवाल्याला जिन्यात थांबवून त्याचाही घेतला. तिन्ही फोनांवर बघितलं, नंबर पुरा दिसत होता. दूधवाला म्हणाला, "वहिनी, कुणाला पाळणाघरात टाकायचंय? साहेबांना?"

तिला हसू आलं नाही. ती परत आत्याकडे गेली.

तो माणूस गेला होता. पोर मात्र तिथंच होतं, अर्धवट बांधलेल्या गादीवर पसरलेलं. आत्या त्याला वारा घालत होती.

"ठेवून गेला," आत्या हळू आवाजात म्हणाली. "त्याला कामावर जायचं होतं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत ठेव, मग बघू."

टिकटिक तिच्यासमोर खाली बसली. बोटं फरशीवर टिकटिक करायला लागली तशी आत्यानं तिचा हात धरला. "पोर उठेल."

"वन्सं," टिकटिक म्हणाली, "लोकांना तुम्ही नको होतात असं नव्हतं हो. त्यांना तुमचा नंबरच मिळत नव्हता. माझ्या हातानं झालं ते. मी साफसफाई केली, त्यात तुमचं अक्षर गेलं. मला इथं सगळं छान दिसत होतं आणि तुम्ही तिकडे..."

आत्या पंखा हलवायची थांबली.

"म्हणजे फोटो बघून नाही परत गेले?"

"नाही."

"पांढऱ्या केसांमुळे नाही?"

"केस कुणी बघितले असतील असं मला वाटत नाही वन्सं. नंबर शोधण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला आला असेल."

आत्यानं पंखा खाली ठेवला. टिकटिकला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत. पण आत्याचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक. पदर तोंडावर धरून म्हणाली, "अगं भवाने, मग ते काळं फासून मी आरशात स्वतःलाच घाबरत होते, ते फुकट? तीन उश्यांचे अभ्रे खराब झाले माझे!"

"मी धुऊन देते अभ्रे."

"तू नको धुऊस. तुझी साफसफाई बघितली मी."

दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. एक आई, मग दुसरी, मग जुळ्यांचा बाप. आत्या प्रत्येकाला सांगायची, "अहो, पण खोली सोडतेय मी." टिकटिक म्हणाली, मालकाला जाऊन सांगू, पोरं येतायत. आत्यानं मान हलवली. त्यानं रॅक आणून ठेवले होते. "दिलेला शब्द आहे. त्याचं काय चुकलं? माझा नंबर त्यानं नाही कापला."

हे मात्र टिकटिकला लागलं. लागावं म्हणून आत्या बोललीच नव्हती, म्हणून जास्त लागलं. ती घरी आली आणि पुढच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. ऊन येणारी, रस्त्याला दार असलेली घरातली एकच खोली. तिनं टेबलाची एक बाजू धरली आणि नवऱ्याला हाक मारली, "जरा दुसरी बाजू धरता का?"

"कुठं न्यायचंय?"

"स्वयंपाकघरात. फ्रिजच्या शेजारी बसेल."

त्यानं एकदा खोलीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. लिफ्टचा माणूस, वजन कुठून उचलायचं ते त्याला सांगावं लागत नाही. "केबल लांब लागेल," एवढंच म्हणाला आणि टेबल उचललं.

पाळणाघर इथं आणायला आत्यानं आधी साफ नाही म्हटलं. "तुझं काम कुठं करशील? गिऱ्हाईक आलं तर काय फोडणीच्या वासात बसवशील?"

"माझी गिऱ्हाइकं फोनवरच असतात. आणि मजकुराला काय वास लागतोय."

"पोरं ओरडतील."

"माझी लेकही ओरडायची की, तुमच्याकडे. तेव्हा तुम्ही मला शिकायला पाठवलंत."

ही गोष्ट पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडली. आत्या उठली, खोलीची लांबीरुंदी पावलांनी मोजल्यासारखं करत फिरली, खिडकीची कडी हलवून बघितली. "ही ढिली आहे. पोरांचा हात पोचेल," ती म्हणाली. नवरा स्क्रू-ड्रायव्हर आणायला गेला.

आता सकाळी त्या खोलीत छोट्या गाद्या असतात. झोपाळू खिडकीखाली, जुळी समोरासमोर, रडका आत्याच्या मांडीवर. टिकटिक स्वयंपाकघरात एका चष्म्याच्या दुकानाची साइट करत बसलेली. परवा दुपारी फोन वाजला, आत्यानं उचलला. पलीकडे कुणीतरी नवी आई होती, बावरलेली. नियम काय, वेळा काय, एका दमात विचारत सुटली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ते सगळं सांगते हो," ती म्हणाली. "आधी मला सांग, बाळ कुठल्या कुशीवर झोपतं?"

टिकटिकनं बोटं थांबवली. तिलाही ऐकायचं होतं. पलीकडची आई काहीतरी म्हणाली. "डावी ना, बरं," म्हणत आत्यानं दाराजवळची एक गादी, जिथं डाव्या कुशीवर झोपलं की उजेड पाठीमागून येईल, ती पायानंच जरा भिंतीकडे सरकवली.